ताडोबा: आधी गेट ठरवा, मग कॅम्प

ताडोबाला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी रिसॉर्ट शोधायला सुरुवात होते. खोल्यांचे फोटो बघायचे, पोहण्याचा तलाव आहे का विचारायचं, भाव करायचा, आगाऊ रक्कम भरायची, आणि मग शेवटी विचारायचं, "सफारीचं काय?" हा क्रम उलटा आहे. ताडोबात आधी गेट ठरवायचं, त्या गेटची सफारी आपल्या नावावर पक्की झाली की त्या गेटजवळचा कॅम्प बघायचा. खोली कशी आहे, हा प्रश्न त्याच्याही नंतरचा.

मी मिरजेत औषधांचं दुकान चालवते. आमच्याकडून ताडोबा म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक; महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा किंवा नागपूर, आणि पुढे गाडी. माझ्याबरोबर असते माझी आई. तिची सत्तरी उलटलीय, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण पक्ष्याचा आवाज आला की तिला कशाचंच भान राहत नाही. कधी भाऊ येतो, कधी भाची. आम्ही मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलोय, सरकारी निवासातही राहिलोय, आणि आता एका लहान कॅम्पवर स्थिरावलोय. वयस्कर माणूस बरोबर असलं की राहण्याच्या जागेचं खरंखोटं फार लवकर कळतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कॅम्पचं नाव देत नाही. त्यांच्याकडे मोजक्या खोल्या आहेत, आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही. काय बघून निवडायचं एवढंच सांगायचंय.

गेटचं आधी. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा, म्हणजे सगळे ज्याला कोअर म्हणतात तो, सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याच्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर, म्हणजे गाभ्याला वेढणारा बाहेरचा पट्टा, आहे. कोअरला सहा गेटं: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. नकाशावर ती एका जंगलाची सहा दारं दिसतात, पण बाहेरून एका दारातून दुसऱ्या दारी जायचं तर जंगलाला वळसा घालून जावं लागतं. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली सोयीचं. नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर करत आलात तर कोलारा आणि नवेगाव जवळ. मोहर्लीची सफारी आणि कोलाऱ्याजवळची खोली असा मेळ बसला, तर पहाटेचे दोन तास गाडीतच जातात.

आमच्याबरोबर नेमकं हेच घडलं. एका मोठ्या रिसॉर्टला आम्ही फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या सफाऱ्या मोहर्ली कोअरच्या आहेत. तिकडून उत्तर आलं, "काही काळजी करू नका मॅडम, गेट दहा मिनिटांवर आहे." गेट दहा मिनिटांवर होतं खरं, पण ते एका बफरचं. आमच्या गेटला पोचायला पहाटे चारच्या आधी निघावं लागणार हे रात्री जेवणाच्या टेबलावर कळलं. त्या वेळी स्वयंपाकघर उघडत नाही, म्हणून आईला चहाशिवाय निघावं लागलं. तिच्या सकाळच्या गोळ्या काहीतरी खाल्ल्याशिवाय घेता येत नाहीत. मी पिशवीत राजगिऱ्याचे लाडू ठेवलेले असतात म्हणून निभावलं. त्याच रिसॉर्टच्या हिरवळीवर आदल्या रात्री अकरापर्यंत डीजे चालू होता आणि कुंपणापलीकडच्या झाडांवर मोठे दिवे सोडलेले होते. जंगलाच्या काठावर पैसे घेऊन जागा द्यायची आणि त्या जंगलाला रात्री झोपही लागू द्यायची नाही, याचा मला मनापासून राग येतो.

त्यामुळे आता फोनवर माझा पहिला प्रश्न असतो: "तुमच्याकडून मोहर्ली कोअरच्या गेटला पहाटे जिप्सी किती वाजता निघते?" किलोमीटर विचारायचे नाहीत, मिनिटंही नाहीत. निघण्याची वेळ विचारायची. ती सांगताना कुणाला गोलमाल करता येत नाही.

सफारीची नोंदणी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपली आपण करता येते, आणि माझं मत आहे की ती आपणच करावी. नाव ओळखपत्रावर असेल तसंच भरायचं आणि गेटवर मूळ ओळखपत्र न्यायचं, नुसती झेरॉक्स नाही. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात. मंगळवारी कोअर बंद. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर पूर्ण बंद असतं आणि बफरची काही गेटं तेवढी चालू राहतात. कॅम्पवाले नोंदणी करून देतात, त्यात गैर काही नाही, पण मग पॅकेजचा एकगठ्ठा आकडा मान्य करू नका. प्रवेश, जिप्सी आणि गाइडचे पैसे वेगळे लिहून मागा, राहण्या-जेवणाचे वेगळे, आणि सफारीची पावती आपल्या नावासकट आधी हातात घ्या. जो कॅम्प हे न कुरकुरता देतो, त्याचा पुढचा व्यवहारही सरळ निघतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एक, फोनवर कुणी "वाघ गॅरंटी" म्हणालं, की मी नमस्कार करून फोन ठेवते.

आमच्या कॅम्पबद्दल. मोहर्लीच्या बाजूला, गावाला लागून आहे. खोल्या साध्या, विटांच्या, वर कौलं, पुढे ओसरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा आईच्या खोलीत शिरल्यावर मी आधी न्हाणीघर बघितलं: कमोड आहे, उंबरा फार उंच नाही, गरम पाणी पहाटे साडेचारला येतं. ते पाणी मागे लाकडाच्या बंबावर तापतं आणि एक काका ते बादलीनं दारात आणून ठेवतात. खोलीत एसी नाही, मोठा कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लोक एसीचा आग्रह धरतात. पण तिथली हवा इतकी कोरडी असते की वाळ्याचे पडदे लावलेला कूलर दुपारी खरोखर सुख देतो. पावसाळ्यात बफरला जाणार असाल तर मात्र कूलरचा उपयोग नाही, तेव्हा एसी बघा.

जेवण हा इथे राहण्याचा मोठा आनंद आहे. मोठ्या रिसॉर्टमध्ये पनीर आणि नूडल्स मिळतात, ते मिरजेतही मिळतात. इथे तुरीचं घट्ट वरण, चंद्रपूरकडचा भात, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा आणि जवसाची चटणी. जवसाची चटणी आमच्याकडेही होते, पण इतकी बारीक कुटून, लसणाचा हात सढळ ठेवून केलेली चटणी आईनं पहिल्यांदा खाल्ली आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंजवळ जाऊन प्रमाण विचारून आली. रस्सा तिखट असतो. लहान मुलं असतील तर आधी सांगा, वेगळा काढून ठेवतात.

पण हा कॅम्प मी निवडला तो जेवणासाठी नाही. तिथे काम करणारी झाडून सगळी माणसं आसपासच्या गावांतली आहेत. पाणी तापवणारे काका, वाढणारी मुलं, जिप्सीचा चालक, सगळे. याचा परिणाम दोन प्रकारे दिसतो. एक म्हणजे जंगलाची बातमी खरी मिळते. काल पाण्यावर काय आलं, कुठल्या रस्त्याला अस्वल दिसलं, हे ऐकीव नसतं. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत वाघ ही रोजची गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला माणसं जंगलात वाकून काम करतात, आणि याच काळात हल्ले होतात. गुरं जातात, माणसंही जातात. ज्या गावानं हे सोसायचं, त्या गावाच्या पोराला वाघामुळे पगार मिळायलाच हवा. म्हणून दुसरा प्रश्न मी न लाजता विचारते: "तुमच्याकडची माणसं कुठल्या गावची?" काही ठिकाणी या प्रश्नावर समोरचा चाचरतो. उत्तर तेवढ्यातच मिळतं.

आता गाइड. ताडोबात गाइड आपल्याला निवडता येत नाही. गेटवर त्यांची पाळी लागलेली असते, ज्याचा नंबर तो आपल्या जिप्सीत बसतो. जिप्सीत पर्यटक जास्तीत जास्त सहा, पुढे चालक आणि गाइड. काही बड्या कॅम्पचे स्वतःचे निसर्गतज्ज्ञ असतात. ते बरोबर आले तर एक जागा अडते, पण पक्ष्यांची माहिती चांगली देतात. मात्र मी असंही पाहिलंय की कॅम्पचा माणूस फाडफाड बोलायला लागला की गेटचा गाइड गप्प होतो, आणि ज्याला जंगल जन्मापासून माहीत आहे त्याचंच ऐकायचं राहून जातं. तसा माणूस बरोबर असेल तर त्याला आधीच सांगा की आम्हाला दोघांचंही ऐकायचंय.

आपल्याला निवड करता येत नाही, पण गाइडला बोलतं करणं आपल्या हातात आहे. आणि इथे आपल्याला, मराठी माणसांना, एक मोठी सोय आहे जी आपण वाया घालवतो. बंगळूर किंवा दिल्लीच्या पाहुण्यासमोर हाच गाइड मोजक्या इंग्रजी वाक्यांत अडकतो. आपल्याशी तो त्याच्या घरच्या भाषेत बोलू शकतो. जिप्सी सुटायच्या आधी आम्ही नाव विचारतो, गाव विचारतो, आणि आई एक वाक्य हमखास म्हणते, "दादा, वाघाची घाई नाही आम्हाला. तुम्हाला आवडतं ते दाखवा." या वाक्यानं सफारी बदलते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय. चालकाचा पाय लगेच हलका होतो.

एक हिवाळ्यातली सकाळ सांगते. मोहर्लीतून आत गेलो, डांबरी रस्ता सोडून मातीच्या रस्त्याला लागलो. डांबरी रस्त्याच्या कडेचे जुने दगडी खांब बघितले असतीलच. गोंड राजांच्या काळात त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत निरोप पाठवायचे, असं सांगतात. आमचा गाइड पंचविशीतला, अंगानं बारीक, कानाला मफलर. बांबूच्या बेटाजवळ त्यानं हात वर केला आणि जिप्सी थांबली. समोर धुळीत वाघाचा पंजा उमटलेला, अगदी स्वच्छ. तोपर्यंत मी पगमार्क पुष्कळ पाहिले होते. गाइड बोट दाखवतो, आपण फोटो काढतो, पुढे जातो. यानं तसं केलं नाही.

"ताई, आधी टायर पाहा," तो म्हणाला. "हे टायर कालच्या सायंकाळच्या गाडीचं. पंजा टायरच्या वर पडला आहे. म्हणजे गाड्या गेल्यावर आली ते."

मी म्हटलं, "म्हणजे रात्री?"

"थांबा. आता धूळ पाहा." सगळ्या धुळीवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. पहाटे बांबूच्या पानांवरून दव ठिबकतं, त्याचे ते थेंब. रस्त्यावर, टायरच्या रेघेवर, सगळीकडे होते. पंजाच्या आत मात्र एकही नव्हता. "दव पडून गेलं, मंग तिनं पाय ठेवला. आत्ताच गेली. अर्धा तास नाही झाला."

मग त्यानं चालकाला पुढे जायला सांगितलं नाही. गाडी बंद करायला सांगितली. आम्ही ऐकत बसलो. थोड्या वेळानं चितळाचा आवाज आला, भाचीनं माझा हात धरला, पण गाइड हलला नाही. "चितळ कशालाही वरडते. सांबर बोललं की पक्कं समजा." आणि मग उजवीकडून, उतारावरून सांबराचा तो भसाडा, दणकट 'ढँक' आला. तेवढ्यात दोन जिप्सी मागून आल्या, दोन मिनिटं थांबल्या आणि दुसरीकडे काही दिसल्याचं कळलं म्हणून धूळ उडवत निघून गेल्या. आमच्या गाइडनं आमच्याकडे बघितलं. आई म्हणाली, "आपण थांबू."

उतारावर एका ऐनाच्या झाडावर कावळे बसले होते, पाच-सहा. ते खाली वाकून बघत होते, पण उतरत नव्हते. गाइडनं ते दाखवलं आणि सांगितलं की तिनं शिकार केलेली असावी आणि ती तिथेच बसलेली असावी; ती उठून पाण्यावर गेली की कावळे क्षणात खाली उतरतील. आम्ही बराच वेळ त्या कावळ्यांकडे बघत राहिलो. ते उतरले नाहीत. सांबर शेपटी उभी करून त्याच बांबूकडे तोंड करून उभं होतं, अधूनमधून पुढचा पाय आपटत होतं. वाघीण दिसली नाही. आणि ती माझी ताडोबातली सगळ्यात भरलेली सकाळ आहे, कारण न दिसणारा वाघ कुठे आहे, काय करतोय, हे सगळं समोरच्या प्राण्यांवरून आम्हाला स्वतःला वाचता येत होतं. त्या पोरानं ते वाचायला शिकवलं.

परतताना त्यानं आईला तळ्यावर नेलं. ताडोबा तळ्याच्या काठी उन्हाला मगरी पडलेल्या असतात. त्या सगळेच बघतात. त्यानं एका उंच झाडावरचा मत्स्यगरुड दाखवला आणि आईच्या हातातली दुर्बीण स्वतः नीट लावून दिली. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू गोंडांचा देव, वाघाशी झुंजताना गेलेला. पौषात तिथे यात्रा भरते. गाइड ते सांगताना गॉगल डोक्यावर सरकवून हात जोडून बोलला.

बफरबद्दल लोकांच्या मनात उगाच कमीपणा असतो. आगरझरी, देवाडा, जुनोना, तिकडे अलीझंजा, मदनापूर ही बफरची गेटं चांगली आहेत. वाघ हद्द बघून फिरत नाही. बफरला नोंदणी लवकर मिळते आणि खर्चही कमी येतो. एका बफर गेटवर आम्हाला ताई गाइड मिळाली. ताडोबात आता स्त्रिया गाइडचं काम करतात आणि याचा मला फार अभिमान वाटतो. ही दोन मुलांची आई, जवळच्याच गावची. तिनं जिप्सीत चढताना आईचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, मागं नका बसू, मधे बसा. मागं कंबर लागते." ही साधी गोष्ट त्याआधी एकाही पुरुष गाइडच्या लक्षात आली नव्हती. जिप्सीची मागची सीट खड्ड्यांत उडते. म्हाताऱ्या माणसाला, पाठीचं दुखणं असलेल्याला आणि गरोदर बाईला तिथे बसवूच नये.

तिनं एका मोहाच्या झाडाजवळ गाडी थांबवली. बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते, जुने काळे पडलेले आणि नवे पिवळट. "आम्ही फुलं वेचायला येतो, ते बी येते," ती म्हणाली. "आम्ही उजाडल्यावर, ते अंधारात. कधी वेळ चुकते." तिच्या गावात वेळ चुकलेला एक माणूस आहे, त्याचा एक डोळा गेलाय. हे तिनं सांगितलं आणि लगेच पुढे, मोहफूल वाळवून ठेवलं की पावसाळ्यात घरात कसा आधार होतो तेही सांगितलं. आईनं तिला विचारलं, "पोरी, तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "जिप्सीत नाही वाटत आजी. शेतात वाटते."

याच जंगलात नोव्हेंबर २०२१ मध्ये वनरक्षक स्वाती ढुमणे पायी व्याघ्रगणनेचं काम करताना माया वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. आपण ज्या वाघिणीचे फोटो फ्रेम करून भिंतीवर लावले, तीच ती माया. गाइड मंडळी हे आपणहून सांगत नाहीत, विचारलं तर आवाज खाली आणून सांगतात. आपण चार तास जिप्सीत बसून येतो. तिथली माणसं त्याच जमिनीवर पायी चालतात. गाइडशी बोलताना एवढं मनात असावं.

वाईट गाइड भेटत नाहीत का? भेटतात. एका सफारीत आमचा चालक आणि गाइड पहिल्यापासून वाघामागे लागले होते. वाटेतला राखी धनेश, रानकुत्र्यांचा कळप, कशासाठीही गाडी नीट थांबली नाही. वाघ दिसला, दिसला म्हणजे आठ-दहा जिप्सींच्या मधल्या फटीतून पाठीचा पट्टा दिसला, आणि त्यानंतर गाइडनं मागे वळून "झालं ना मॅडम?" असं विचारलं. त्याच्यावर मी सगळा दोष टाकत नाही. गेटवर आमच्या शेजारच्या जिप्सीतले लोक त्यांच्या गाइडला मोठ्यानं सांगत होते, "वाघ दाखवलास तर पाचशे, नाही दाखवलास तर काही नाही." रोज हे ऐकणारा माणूस काय शिकणार?

बक्षीस द्या, जरूर द्या, पण सफारी संपल्यावर द्या आणि वाघाशी त्याचा संबंध जोडू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून आलेल्या जिप्सींच्या मध्ये अडकले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. व्हायलाच हवे होते. पण त्या गाड्यांत पर्यटक बसलेले होते, आणि त्यांच्यापैकी कुणी "मागे घ्या" म्हणाल्याचं त्या व्हिडिओत तरी ऐकू येत नाही. प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे. गाडी त्याहून जवळ गेली तर चालकाला आपण सांगायचं, शांतपणे, मराठीत. एकदा भाचीनं सांगितलं, तर चालकानं गाडी मागे घेतली आणि गाइड म्हणाला, "बरं केलं ताई, आम्ही म्हटलं तर लोक रागावतात."

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. तरुण मंडळी या नियमावर फार कुरकुरतात. माझ्या मते ताडोबाची ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कॅमेरा चालतो. आमच्या कॅम्पवर फोन ठेवायला कुलूपबंद कप्पे आहेत आणि किल्ली आपल्याकडे राहते. तुमच्या कॅम्पवर काय सोय आहे ते विचारून घ्या, नाहीतर गेटवर धांदल उडते.

सरकारी निवासाबद्दल थोडं. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवास मोहर्लीलाच आहे, इरई धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. गेट जवळ, पाणी समोर, आणि पाणपक्षी बघायला खोलीबाहेर फार जावं लागत नाही. ज्यांना थाटमाट नको आणि जागा मोक्याची हवी, त्यांनी आधी तिथली खोली मिळते का बघावं.

कधी जायचं, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. वाघ बघायचाच असेल तर एप्रिल-मे, पाणवठे आटतात आणि सगळे प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात. पण आईला घेऊन मी त्या उन्हात जात नाही. आमचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत उंच असतं, वाघ कमी दिसतो, पण जंगल हिरवंगार आणि रस्त्यावर आडवी लावलेली कोळ्यांची पिवळसर जाळी बघून भाची वेडी झाली होती. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत गारठा हाडांत शिरतो. कॅम्पवाले गोधड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या देतात का, हेही विचारण्यासारखं आहे. आमच्याकडे गोधड्या मिळतात, पिशव्या मी घरून नेते.

गर्दी नको असेल तर झरी आणि पांगडी. तिकडून जंगलाच्या कोळसा नावाच्या भागात जाता येतं, जंगल दाट, गाड्या कमी. तिथे राहण्याची सोय मोहर्लीइतकी नाही, पण आमच्या कॅम्पवरून पहाटे थोडं लवकर निघून झरी गाठता येतं, आणि ते आम्हाला आधीच स्वच्छ सांगितलं गेलं होतं, वेळेसकट.

कॅम्पच्या दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. न्हाणीघराची फरशी ओली झाली की निसरडी होते, आणि जिप्सीत चढायला त्यांनी ठेवलेलं लाकडी स्टूल डुगडुगतं. आईला चढवताना एकानं स्टूल धरायचं आणि एकानं तिला, असं करावं लागतं. निघताना मी मालकांना हे सांगितलं. ते स्वतः येऊन स्टूल हलवून बघून गेले आणि म्हणाले, जून संपला की कोअर बंद होतं, त्या तीन महिन्यांत फरशी बदलतो आणि दोन पायऱ्यांचा, कठडा असलेला लोखंडी जिना करून घेतो. ऑक्टोबरची नोंदणी उघडली की मी फोन करून आधी जिन्याचंच विचारणार आहे.